बाळ अमेरिकेत जन्मलं तर आईबापांच्या व्हिसाचं काय? ओव्हरस्टे, आय-९४ आणि नागरिकत्व : माहिती हवी आहे

मेघना_एनजे

नमस्कार मंडळी, हा धागा माझ्या मावसबहिणीसाठी काढतेय. ती टेक्सासला एच-४ वर (नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा) आहे, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधी नवऱ्याच्या कंपनीने अख्खी टीमच काढून टाकली आणि हिला सातवा महिना, डॉक्टरांनी तारीख दिलीय फेब्रुवारीअखेरची. नोकरी गेल्यावर थांबायला मिळणारे नवऱ्याचे ६० दिवस जानेवारीच्या शेवटी संपतायत म्हणजे बाळंतपण त्याच्या पलीकडे जातंय.

सांगलीहून रोज फोन, की घाबरताय कशाला, बाळ तिथलं सिटिझन होणार, मग आईबापांना कोण हाकलतंय, निवांत बसा. तिच्या सासूबाई बाळंतपणासाठी ऑक्टोबरमध्येच आल्यात, त्यांच्या पासपोर्टवर २०३३ पर्यंतचा व्हिसा आहे म्हणून त्यांचं म्हणणं की मी नातवंडाचा पहिला वाढदिवस करूनच परत जाणार.

मला हे सगळं ऐकून धडधडायला लागलंय. बाळाच्या नागरिकत्वाने आईवडिलांना खरंच काही संरक्षण मिळतं का? मुदतीनंतर राहिलं (ओव्हरस्टे) तर नक्की काय होतं? आणि जन्माने मिळणारं नागरिकत्व रोखायच्या ट्रंपच्या त्या ऑर्डरमुळे बाळाला नागरिकत्व तरी मिळणार का? ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनी प्लीज लिहा, फॉरवर्ड नकोत.

---

डॅलसवासी

मेघनाताई, सगळ्यात आधी सासूबाईंचं बघा कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. पासपोर्टवरचा २०३३ चा व्हिसा हा फक्त विमानतळापर्यंत येऊन दार ठोठावण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचं ते एअरपोर्टवरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असतं. बी-२ या पर्यटक व्हिसावर साधारण ६ महिने देतात. ऑक्टोबरमध्ये आल्या असतील तर एप्रिलमध्ये संपलं. पूर्वी पासपोर्टात पांढरं कार्ड स्टेपल करून द्यायचे, ते डोळ्यासमोर तरी असायचं, आता सगळं ऑनलाइन, सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवर पासपोर्ट नंबर टाकून काढावं लागतं आणि घरात कुणी ते काढतच नाही.

त्या तारखेच्या एक दिवस जरी पुढे राहिल्या तरी तो दहा वर्षांचा व्हिसा तिथल्या तिथे रद्द समजला जातो, पुढच्या वेळी मुंबईच्या कॉन्सुलेटला नव्याने रांग. जास्त राहायचंच असेल तर तारीख संपायच्या आत आय-५३९ हा फॉर्म भरून मुदतवाढ मागायची, खरं कारण लिहून.

आणि एक सांगतो, हेच आत्ता लगेच तुमच्या बहिणीचं आणि नवऱ्याचंही काढा. दोघांचं वेगवेगळं. उद्यावर टाकू नका.

---

पॅरालीगल_प्राची

मी इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात काम करते, स्वतः वकील नाही, त्यामुळे हे वाचून वकिलाकडे जायचंच आहे हे धरून चाला.

पहिलं ६० दिवसांचं. २०१७ पासून नियम असा की नोकरी गेल्यावर ६० दिवसांपर्यंत किंवा आय-९४ संपेपर्यंत, जे आधी येईल ते. "पर्यंत" शब्द महत्त्वाचा, ती सवलत आहे, हक्क नाही. ही मुदत शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजतात, सेव्हरन्सचे (कामावरून काढताना मिळणारे) पैसे कधीपर्यंत येतायत त्यावरून नाही. एच-४ ची मुदत नवऱ्याच्या बरोबरच संपते.

या ६० दिवसांत नवीन कंपनीने एच-१बी ची पिटिशन भरली तर उत्तमच, भरल्या भरल्या काम सुरू करता येतं. नाही मिळाली नोकरी तर त्याच मुदतीत आय-५३९ भरून दोघांनी बी-२ मागायचं. तो अर्ज वेळेत भरला असेल आणि खरा असेल तर निकाल येईपर्यंत तुम्ही इथे अधिकृतपणे थांबलेले धरतात. फक्त काम करायचं नाही, एक दिवसही नाही. आणि कारणात जे आहे ते लिहा, नोकरी गेली, गरोदरपण आहे, डॉक्टरांचं पत्र जोडा, परतीचा विचार कधीचा आहे ते लिहा. २०२० पासून बाळाला नागरिकत्व मिळवून देण्यासाठी बी व्हिसा देत नाहीत असा परराष्ट्र खात्याचा नियमच आहे म्हणून लोक घाबरून काहीतरी बनावट कारण लिहितात. ते अजिबात करू नका. ओव्हरस्टेचा बार (परत येण्यावरची बंदी) ३ किंवा १० वर्षांनी संपतो, खोटी माहिती दिल्याचा शिक्का आयुष्यभर राहतो.

आता ओव्हरस्टे. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एक समजतात. ६० दिवस संपले आणि काहीच अर्ज केला नाही तर माणूस आउट ऑफ स्टेटस (व्हिसाच्या अटींबाहेर) झाला. पण त्याच्या आय-९४ वर अजून २०२७ ची तारीख असेल तर "अनलॉफुल प्रेझेन्स"चे (बेकायदा वास्तव्याचे) दिवस मोजायला सुरुवात होत नाही. ते सुरू होतात आय-९४ ची तारीख उलटल्यावर, किंवा यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) एखादा अर्ज फेटाळताना तसं ठरवलं तर, किंवा इमिग्रेशन कोर्टाने आदेश दिला तर. याचा अर्थ तोपर्यंत निवांत बसा असा नाही, आउट ऑफ स्टेटस माणसाला नोटीस पाठवून कोर्टात उभं करू शकतात. पण बारचं गणित त्या दुसऱ्या मोजणीवर चालतं.

ते गणित १९९६ च्या कायद्यातलं आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी राहून देश सोडला तर ३ वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्यापेक्षा जास्त झालं तर १० वर्षं. आणि बार लागतो तो देश सोडल्यावर. म्हणजे ज्याचे दिवस भरलेत तो आईच्या आजारपणाला म्हणून विमानात बसला की त्या क्षणी दार बंद. हे न कळता गेलेली माणसं मी पाहिलीयत, फोनवर रडतात आणि आपल्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. १८ वर्षांखालच्या मुलांचे दिवस मात्र मोजत नाहीत.

---

कृष्णाकाठ

प्राचीताईंनी लिहिलंय ते अगदी खरं. मी मिरजेचा. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा असाच शिकायला म्हणून गेला, पुढे एका दुकानात कामाला लागला, कागद संपले तरी राहिला. तिकडेच लग्न, दोन पोरं, दोन्ही अमेरिकन पासपोर्टची. वडील गेले तेव्हा तो व्हिडिओ कॉलवर होता, पुतण्याने अग्नी दिला. त्या माउलीने फोन हातात धरून ठेवला होता सगळा वेळ, मुलाला दिसावं म्हणून, हात थरथरत होता तरी खाली घेतला नाही. नंतर दिवसकार्याला बायको पोरांना पाठवू का म्हणाला पण बायकोचेही कागद तसलेच, ती आली तर परत जाणार कशी. शेवटी कुणीच आलं नाही.

लोक इथे बसून सहज म्हणतात, पोरं सिटिझन आहेत ना मग काय. पोरं आहेत हो, बाप नाही.

---

मेघना_एनजे

कृष्णाकाठ दादा, वाचून पोटात कालवलं. तुमची ही पोस्ट मी जशीच्या तशी मावशीला वाचून दाखवणार आहे.

प्राचीताई, सांगलीकरांचा मुख्य मुद्दा हाच आहे की मूल मोठं झालं की आईबापांना ग्रीन कार्ड देतं. ते तरी खरं का?

---

पॅरालीगल_प्राची

खरं आहे पण अर्धंच सांगतात. मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं. त्याच्या आधी एक दिवस नाही. म्हणजे फेब्रुवारी २०२६ ला जन्मलेलं बाळ २०४७ मध्ये अर्ज करणार. तोपर्यंतची २१ वर्षं लायसन्स, नोकरी, इन्शुरन्स काय करायचं याचं उत्तर फोन करणाऱ्यांना विचारा.

तेव्हासुद्धा, आईवडील व्हिसावर रीतसर तपासणी होऊन आत आले असतील आणि देश न सोडता इथेच असतील तर मधला ओव्हरस्टे आड न येता इथल्या इथे ग्रीन कार्ड होऊ शकतं, कारण ते सिटिझनचे जवळचे नातेवाईक धरले जातात. पण मधे कधी बाहेर गेले तर तोच १० वर्षांचा बार. त्या बारला माफी मागायचा अर्ज असतो, आय-६०१, पण त्यात "माझ्यावाचून कुणाचे अतोनात हाल होतील" हे जे दाखवायचं असतं ते फक्त सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्या नवरा-बायकोचे किंवा आईवडिलांचे. मुलांचे हाल त्यात धरतच नाहीत. ज्या बाळाच्या भरवशावर बसलात तेच त्या फॉर्ममध्ये चालत नाही. क्लायंटना हे सांगितलं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

डिपोर्टेशनच्या कोर्टात एक बचाव आहे ज्यात सिटिझन मुलाचा विचार होतो, पण त्याला आधी सलग १० वर्षं इथे असावं लागतं, हाल अगदी असाधारण आहेत हे सिद्ध करावं लागतं आणि देशभरात वर्षाला ४००० च जणांना तो मिळतो. त्यावर संसाराचा बेत आखू नये.

आणखी एक नवीन भानगड. सप्टेंबर २०२५ पासून बाहेर असलेल्या माणसासाठी नवीन एच-१बी भरायची तर कंपनीला एक लाख डॉलर फी आहे. इथे राहून स्टेटस बदलणाऱ्याला ती लागत नाही, पण स्टेटस आधीच मोडलंय म्हणून इथल्या इथे बदल नाकारला तर लागू शकते. म्हणजे ६० दिवस चुकवणं पूर्वीपेक्षा आता फार महाग पडतं.

---

आर्या०७

मीपण एच-४ वर, मलाही मे मध्ये बाळ होणारे. त्या ऑर्डरचं कुणीतरी नीट सांगा ना, बातम्या वाचून डोकं भणभणतं, एकदा थांबवली म्हणतात एकदा कोर्टाने परवानगी दिली म्हणतात.

---

जुना_जाणता

आर्या, क्रमाने सांगतो. २० जानेवारी २०२५ ला सही झाली. त्यात म्हटलंय की ३० दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांना, जर आई बेकायदा राहत असेल आणि बाप सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर नागरिकत्व मानायचं नाही. आणि हे आपल्या लोकांच्या लक्षात उशिरा आलं की दुसरा गटही आहे, आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ सगळे, आणि बाप सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला नाही. म्हणजे टॅक्स भरणारी, रांगेत उभी असलेली आपली हजारो घरं त्यात आली.

तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीश कॉगनॉर यांनी ती थांबवली. मग २७ जूनला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एका जिल्हा न्यायाधीशाने सरसकट सगळ्या देशासाठी स्थगिती द्यायची नाही. तो निकाल स्थगितीच्या अधिकाराबद्दल होता, नागरिकत्वाबद्दल नव्हता, पण बातम्या अशा आल्या की जणू ऑर्डर लागूच झाली. त्यानंतर १० जुलैला न्यू हॅम्पशरला न्यायाधीश लाप्लांट यांनी सगळ्या बाधित बाळांचा एक वर्ग धरून क्लास अ‍ॅक्शनमध्ये पुन्हा थांबवली. आणि ५ डिसेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्नच ऐकायला घेतला. निकाल २०२६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत यावा. डिसेंबर २०२५ मध्ये हे लिहिताना तरी ऑर्डर कुठेही लागू नाही, जन्मलेल्या बाळाला जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी नंबर, पासपोर्ट सगळं पूर्वीसारखं मिळतंय.

मूळ आहे १८६८ ची १४ वी घटनादुरुस्ती, यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळावी म्हणून केलेली. इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत असलेला तो नागरिक. मग वाँग किम आर्क नावाचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी, आईबाप चिनी, तो चीनला जाऊन १८९५ मध्ये परत आला तर बंदरातच अडवला, तू चिनी आहेस म्हणून. त्याने केस लढवली आणि १८९८ मध्ये ६ विरुद्ध २ ने जिंकली. तेव्हापासून हा कायदा पक्का धरला जातोय. सरकार आता म्हणतं की त्याचे आईबाप इथे कायमचे राहत होते, तात्पुरते आलेल्यांना ते लागू नाही. वाद एवढ्यावर आहे.

यात आपल्या लोकांचा इतिहासही आहे, फारसा कुणी सांगत नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हिंदी (म्हणजे भारतीय) माणूस "गोरा" नाही म्हणून त्याला नागरिकत्व घेता येणार नाही. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नंतर खुद्द पंडितांचंच नागरिकत्व काढायला सरकार उठलं, ते स्वतःची केस लढले आणि जिंकले. पण बाकी शेकडो हिंदी लोकांचा रस्ता १९४६ पर्यंत बंद राहिला. त्या काळात कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना कायद्याने जमीन घेता येईना, तेव्हा त्यांनी जमिनी इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर केल्या. बापाला नागरिक होता येत नव्हतं, पाळण्यातलं पोर मात्र नागरिक. वाँग किम आर्कचा निकाल नसता तर त्या घरांकडे काहीच उरलं नसतं. म्हणून मला ही ऑर्डर मनापासून चुकीची वाटते. मूल आपले आईबाप कुठल्या व्हिसावर आहेत ते ठरवून जन्माला येत नाही.

---

लंडनकर

जुना_जाणता, इतिहास छान सांगितलात पण थोडी दुसरी बाजू मांडतो. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व नाही, आईबापांपैकी एक ब्रिटिश किंवा कायमचा रहिवासी हवा. ऑस्ट्रेलियाने १९८६ ला बंद केलं, आयर्लंडने सार्वमत घेऊन २००५ पासून. आपल्या भारतानेसुद्धा तेच केलंय की. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला कुणाचाही असो नागरिक, त्यानंतर आईबापांपैकी एक भारतीय हवा, आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे. मग अमेरिकेने बदललं तर आपण इतकं का रागवायचं?

---

जुना_जाणता

प्रश्न रास्त आहे. फरक दोन. एक, या सगळ्या देशांनी संसदेत कायदा करून किंवा सार्वमत घेऊन बदल केला. घटनेतली गोष्ट एका सहीने बदलायची हे निराळं. दुसरं, तुमच्याकडे पाच-सहा वर्षांत कायम रहिवासी होता येतं, मग पुढचं मूल ब्रिटिश. इथे एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ग्रीन कार्डची रांग काही दशकांची आहे. वीस वर्षं "तात्पुरत्या" व्हिसावर राहिलेली माणसं या धाग्यावरच सापडतील.

---

डॅलसवासी

मीच एक. आमच्या घरात थोरली नाशिकला जन्मली, धाकटा इथे. थोरली तीन वर्षांची असताना आली, मराठी शाळेत गुढीपाडव्याला नाच करायची, इथल्याच हायस्कूलला पहिली आली. आता २१ ची होतेय तर एच-४ संपतो म्हणून तिला विद्यार्थी व्हिसा करावा लागला, कॉलेजची फी परदेशी विद्यार्थ्याची. धाकटा त्याच टेबलावर बसून फेडरल मदतीचा फॉर्म भरणार. ती काही बोलत नाही, भावाला फॉर्म भरायला मदतच करते. पण ते बघवत नाही.

---

पुण्यात_परतलेली

अमेरिका सोडून आलेल्यांच्या बाजूचं सांगते, कारण मेघनाताईंच्या बहिणीला कदाचित परतावं लागेल आणि मग ओव्हरस्टेचा प्रश्न उलटा बाळाचा होतो. हो, बाळाचा, भारतात.

अमेरिकन पासपोर्टवर आलेलं बाळ भारतात परदेशी नागरिक. त्याला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) हवं. घाईत लोक बाळाचा ई-टुरिस्ट व्हिसा काढून येतात आणि इथे घर, नोकरी, पाळणाघर या गडबडीत तारीख विसरतात. एकदम १८० दिवसांपेक्षा जास्त त्यावर राहता येत नाही. ओळखीच्यांना परत जाताना विमानतळावर थांबवलं, आईबापांचे भारतीय पासपोर्ट नीट, तान्ह्याचा व्हिसा संपलेला. मग ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) पोर्टलवर अर्ज, दंड, एक्झिट परमिट, तिकिटं बुडाली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आलाय, त्यात मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तान्ह्या बाळावर कुणी खटला घालणार नाही पण कागद वेळेत केलेले बरे. शक्य असेल तर निघायच्या आधी अमेरिकेतूनच ओसीआय करून या, ते आयुष्यभराचं असतं.

दुसरा रस्ता, परदेशात जन्मलेल्या मुलाची जन्मापासून एका वर्षात भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद करून त्याला भारतीय नागरिक ठेवता येतं. पण तेव्हा लिहून द्यावं लागतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. आणि अमेरिकेचा कायदा म्हणतो की तिथल्या नागरिकाने येताजाता अमेरिकन पासपोर्टच वापरायचा. म्हणजे दोन्ही हातात धरता येत नाही. देव करो आणि तसं न होवो, पण ती ऑर्डर उद्या कोर्टात टिकलीच तर या नोंदीमुळे बाळ कुठल्याच देशाचं नाही असं होणार नाही.

आणि अमेरिकन पासपोर्ट म्हणजे नुसता फायदा असंही नाही. पुण्यात राहून कमावलं तरी त्या मुलाला पुढे दरवर्षी अमेरिकेला टॅक्स रिटर्न भरावं लागतं. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मिळालेल्या मुलांना 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन मेडिकलला जायचं तर एनआरआय कोट्यातूनच, भारतीयांसाठीच्या जागांवर नाही. आमच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय. ती फी बघून आम्ही दोघं रात्ररात्र हिशोब करतो. मला कुणाला घाबरवायचं नाहीये, फक्त हे बाळ पोटात असतानाच माहीत असावं.

---

पेडणेकरीण

गोव्याकडची एक गोष्ट सांगते, विषयाला धरून आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं. आमच्या वाड्यावरची कितीतरी पोरं त्या पासपोर्टवर इंग्लंडला गेली, ब्रेक्झिट व्हायच्या आधी. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं. काहींनी भारतीय पासपोर्ट तसाच वापरला, पुढे तो रद्द झाला आणि ओसीआयही अडकलं, २०२४ मध्ये केंद्राने त्यात थोडी वाट काढली. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यावरून नातू कुठे राहू शकतो हे ठरतं, म्हणून घरातले जुने कागद जपा म्हणते मी सगळ्यांना.

---

शारजाहून_संजय

आखातात तर जन्माने काहीच नाही. इथे जन्मलेल्या आपल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट काढून १२० दिवसांत रेसिडेन्स व्हिसा करायचा, नाहीतर दंड चालू. मोठ्यांचा ओव्हरस्टे रोजचे ५० दिरहॅम. नोकरी गेलेला माणूस दंडाच्या भीतीने लपून राहतो आणि दंड वाढतच जातो. २०२४ च्या शेवटी सरकारने चार महिने माफी दिली होती तेव्हा आमच्या मंडळाने कितीतरी मुलांना तिकिटं काढून घरी पाठवलं, कोकणातली पोरं होती बहुतेक.

---

मेघना_एनजे

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर बसून तिघांचं आय-९४ काढलं. नवऱ्याचं २०२७ चं आहे. सासूबाईंचं एप्रिलमधलं. आणि बहिणीचं निघालं ३ मार्च २०२६! अप्रूव्हल नोटिशीवर दोघांचं २०२७ आहे पण गेल्या वेळी भारतातून परत आली तेव्हा तिचा पासपोर्ट मार्चमध्ये संपत होता. हे असं होतं का? ती रडायलाच लागली.

---

पॅरालीगल_प्राची

होतं, आणि आपल्या लोकांत फार होतं. पासपोर्ट जिथे संपतो तिथपर्यंतच आय-९४ देतात बऱ्याचदा, आणि आत आल्यावर मिळालेली शेवटची तारीख धरायची. आता सापडलंय ही चांगली गोष्ट आहे, तिला रडू नको म्हणावं. मार्चनंतर सापडलं असतं तर दिवस मोजले जात असते आणि तिला पत्ताही नसता.

करायचं काय, पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज आजच टाका. बी-२ चा अर्ज साठ दिवसांच्या आतच करायचाय, त्यात तिची ही तारीख वकिलाला ठळक सांगा. दोघांचा एकाच अर्जात होतो, नवरा मुख्य आणि ती सोबत, पण वेगळे करायचे का ते वकील सांगतील. मध्येच नवऱ्याला नोकरी लागली तर नवीन कंपनीच्या वकिलालाही सांगा, ते फक्त त्याचीच पिटिशन भरतात आणि एच-४ ची मुदतवाढ राहून जाते, ती वेगळी भरावी लागते.

---

आर्या०७

हे वाचून मी आत्ता माझं काढलं. माझंपण पासपोर्टच्या तारखेला संपतंय, ऑगस्टमध्ये. प्राचीताई तुमचे उपकार.

---

डॅलसवासी

मेघनाताई, इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही. नोकरी गेली की कंपनीचा विमा जातो पण कोब्रा (तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय) घेता येतं, ठरवायला ६० दिवस असतात आणि पैसे भरले की मागच्या तारखेपासून लागू होतं. हप्ता महाग आहे, तरी बाळंतपणाच्या बिलापुढे काहीच नाही. तेच डॉक्टर, तेच हॉस्पिटल राहतं. आणि जर गाडी, राहायची सोय, हॉस्पिटलला सोडणं काही लागलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आम्ही फ्रिस्कोत आहोत, माझी बायको सध्या घरीच असते.

---

मेघना_एनजे

कोब्राचा फॉर्म भरलाय, धन्यवाद, व्यनि केलाय. शुक्रवारी वकिलांची वेळ मिळालीय. पासपोर्टचा अर्ज ह्यूस्टनला गेला. सासूबाईंना मी स्वतः समजावलं, त्या म्हणाल्या मग एप्रिलच्या आधीच तिकीट काढ बाई, बारसं करून निघते. मावशीला कृष्णाकाठ दादांची पोस्ट वाचून दाखवली, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली जावयाला सांग काहीच जमलं नाही तर सगळे इकडे या, वरची खोली रिकामीच आहे.

एक शेवटचं विचारते, बाळाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी दोघांनाही जावं लागतं का?

---

पुण्यात_परतलेली

हो, दोघांनी बाळाला घेऊन जायचं, किंवा एकाने यायचं आणि दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. जन्मदाखला आईबाप दोघांची नावं असलेला मोठा घ्या, आणि दोन-तीन प्रती काढून ठेवा, ओसीआयलाही तोच लागतो. नावाचं स्पेलिंग हॉस्पिटलच्या फॉर्मवरच तुमच्या पासपोर्टशी जुळवून घ्या, बापाचं नाव मधलं नाव म्हणून टाकायचं की नाही तेही तेव्हाच ठरवा. नंतर दुरुस्तीला महिने जातात.